पायरीमास्तरांची साक्ष

ते भांडण मी पार्टिशनच्या आतल्या बाजूने ऐकलं. मुद्दाम नाही ऐकलं, पण आमचं पार्टिशन प्लायवुडचं, त्यातून शिंकसुद्धा आरपार जायची. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते आणि बाहेरच्या खोलीत माझे मोठे दीर आणि आमचे हे, दोघे सख्खे भाऊ, आवाज दाबून भांडत होते. दाबलेल्या आवाजातलं भांडण जास्त लांब ऐकू जातं, हे पुरुषांना काही केल्या कळत नाही.

"उद्या सकाळी मालकांना सांगणार आहे," दीर म्हणाले.

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

"म्हणजे माझं नाव घेणार."

"तू आधी घेतलंस तर मला घ्यावं लागणार नाही."

"घरात चिमणी आहे, भाईजान. दुसरं यायचंय. आम्ही कुठे जायचं?"

"त्या बाईच्याही घरात पोरं आहेत."

"ती आपल्यातली नाही. तिला दुसरीकडे काम मिळेल. तिचे लोक बघतील तिला."

 माझा हात सुपातच थांबला.

"आपल्यातली नाही, म्हणूनच," दीर म्हणाले. "रोज हाताखालून कुराण जातं, ते आपण वाचतो की नुसती घडी घालतो? साक्ष खरी द्या, मग ती तुमच्या स्वतःविरुद्ध जावो, आईबापांविरुद्ध जावो, नात्यागोत्याविरुद्ध जावो. असं लिहिलंय. आपल्यातला आहे का बघून बोला, असं नाही लिहिलं."

"लिहिलंय ते खरंय," आमचे हे म्हणाले. "पण लिहिणाऱ्याला पोरं पोसायची नव्हती."

असं बोलायला नको होतं, हे त्यांचं त्यांनाच लगेच कळलं असावं. ते उठून मोरीवर गेले आणि उगीच तोंड धुवत बसले.

आता हे दीर कोण, ते सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं. पुन्हा लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. दोघे भाऊ एका बाइंडिंगच्या कारखान्यात होते. तिथे वह्या, पावतीपुस्तकं, शाळेची पुस्तकं सगळं बांधलं जायचं, पण नाव होतं ते कुराण शरीफच्या बांधणीसाठी. मोठा छापील कागद येतो, त्याची घडी घालून सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे सगळे फर्मे ओळीने लांब टेबलावर मांडायचे आणि बायकांनी टेबलाभोवती फिरत एकावर एक उचलत जायचं, की एक पुस्तक जुळतं. मग शिलाई, मग पाठीला खळ आणि कापड, मग पुठ्ठा.

प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखान्यातूनच एक काळी खूण येते. पहिल्याची वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. पुस्तक नीट जुळलं असेल तर पाठीवर जिना उतरल्यासारख्या पायऱ्या दिसतात. एखादा फर्मा गळला तर पायरी तुटते, दोनदा लागला तर दोन खुणा एका रेषेत येतात. शिलाईच्या आधी हा जिना बघायचं काम दिरांचं. पुस्तकांची थप्पी आडवी धरून ते नुसती नजर फिरवायचे. वीस वर्षांत एक पायरी चुकली नव्हती. म्हणून कारखान्यात त्यांना पायरीमास्तर म्हणत.

घरीही तेच. माझी पातेली फळीवर उतरत्या क्रमाने लागली पाहिजेत. वाळत घातलेल्या कपड्यांत लहान झबलं मोठ्या चादरीच्या आधी दिसलं तर नुसते तिथे उभे राहायचे. मी एकदा म्हटलं, "भाईजान, माझ्या बोटांची उंची कमी-जास्त आहे, तीही लावून देऊ का?" तर गंभीरपणे माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "ती बरोबर लागली आहेत." विनोद केला की खरंच तपासलं, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्याच टेबलाभोवती फिरणारी एक बाई होती. तिला सगळे घड्याळबाई म्हणत, कारण ती काट्यासारखी फिरायची, ना जलद ना हळू, आणि थांबायची नाही. ती आमच्या धर्माची नव्हती. पण कुराणाचं काम असलं की चपला दाराबाहेर काढायची आणि हात दोनदा धुवायची. आमच्यातल्या काही जणी एकदाच धुवायच्या, त्यांत मीही होते, लग्नाच्या पहिल्या वर्षी तिथे घडी घालायला जायचे तेव्हा. दीर म्हणायचे, "माझ्यामागे कुणाला पायऱ्या बघता येतील तर हिलाच."

झालं ते असं. एका मोठ्या मदरशासाठी प्रती बांधायच्या होत्या. त्या दिवशी मला सातवा महिना, पाय सुजलेले, दवाखान्यात दाखवायचं होतं. ह्यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून दीर मला घेऊन गेले. पायऱ्या बघायचं काम मालकांनी घड्याळबाईला दिलं, तपासणीच्या चिठ्ठीवर सही तिची.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखाना रिकामा होता. आमच्या ह्यांनी एका हातात सतराव्या फर्म्याची थप्पी घेतली आणि दुसऱ्या हातात खळीची बादली. छापील कागदाजवळ खळ न्यायची नाही हा तिथला पहिला नियम. पण एक फेरी वाचवायची होती. पाय घसरला, बादली थप्पीवर.

दुसरं कुठलंही पुस्तक असतं तर ह्यांनी शिव्या खाल्ल्या असत्या आणि चाळीस कागद रद्दीत गेले असते. पण हे कुराणाचे कागद, जमिनीवर पडलेले, खळीने माखलेले. ह्यांना घाम फुटला. अपमान झाला, आपल्या हातून झाला, लोक काय म्हणतील. त्यांनी एकेक कागद उचलला, आपल्या सदऱ्याने पुसला, धुतलेल्या टॉवेलात बांधला आणि संध्याकाळी घरी आणून कपाटावर सगळ्यांत उंच ठेवला, पुढे चांगल्या जागी पुरायचा म्हणून. त्या गाठोड्याभोवतीची धूळ मी आठवडाभर अदबीने पुसली. आत काय आहे ते विचारलंही नाही.

आणि थप्पी भरलेली दिसावी म्हणून सोळाव्या फर्म्याच्या जास्तीच्या प्रती सतराव्याच्या जागी सरकवल्या. एका दिवसापुरत्या, असं ते म्हणायचे. भाईजान आले की सांगू, छापखान्यातून नवा सतरावा आणू. पण दवाखान्यात रांग मोठी होती, आम्हाला उशीर झाला. घड्याळबाई ती पुस्तकं बघायला घेऊ लागली, तेव्हा हे म्हणाले, "ही मी बघितलीत, जाऊ द्या शिलाईला." मास्तरांचाच भाऊ म्हणतो म्हटल्यावर तिने जाऊ दिली. पाठीवर कापड चढलं की पायऱ्या झाकल्या जातात. त्यानंतर रोज "उद्या सांगतो," रोज "उद्या सांगतो," आणि एके सकाळी गाडी येऊन पुस्तकं गेलीसुद्धा.

आज म्हातारपणी मला वाटतं, ह्यांनी कागदाचा मान किती राखला. त्यावर काय लिहिलंय त्याचा राखला असता तर बरं झालं असतं. पण तेव्हा मला एवढं कुठे सुचत होतं.

मदरशात मुलं एका सुरात वाचत होती आणि अर्धा वर्ग भलत्याच ओळीवर गेला. तिथले मौलवी आणि चारपाच जण प्रती घेऊन कारखान्यात आले. तपासणी कुणाची? चिठ्ठी बघितली. नाव बघितलं. मग जे व्हायचं तेच झालं. चूक झाली असं कुणी म्हणेना. "मुद्दाम केलं" असं म्हणू लागले. संध्याकाळपर्यंत गल्लीत हेच. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय एकाच जमातीचं दुखणं नाही.

दिरांनी परत आलेली एक प्रत घेतली, पाठीचं कापड उसवलं. दोन खुणा एका रेषेत, पुढची पायरी गायब. जास्तीच्या फर्म्यांची फळी बघितली, सोळाव्याचा खण रिकामा. घरी आले, स्टुलावर चढले, कपाटावरचं गाठोडं खाली काढलं. बाकीचं तुम्ही पार्टिशनमधून ऐकलंच आहे.

आता माझं सांगते, ते सांगायलाच तर बसले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दीर निघाले. आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी आयुष्यात पुरुषांच्या भांडणात एकदाच मधे पडले, तेही नको तिथे. दारात आडवी उभी राहिले.

"भाईजान, तुम्हाला एकट्याचं पोट आहे," मी म्हटलं. "हे बघा." आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

ते म्हणाले, "चिमणीची आई, बाजूला हो."

"होते. पण ह्याचा बाप काम नसलेला झाला, आणि गल्लीने त्याला कुराण खराब करणारा म्हटलं, तर हे पोर तुमच्या दारात वाढवा."

किती वाईट बोलले मी. आणि किती नेमकं. शिकलेली नाही, पण कुठे लागतं ते बाईला कळतं. त्यांनी चप्पल घातली, एकदा काढली, पुन्हा घातली आणि गेले.

मागोमाग हेही उठून गेले. कारखान्यात काय झालं ते ह्यांनी रात्री मला सांगितलं, सुटल्यासारखे हसत हसत. मालक बसलेले, मदरशाचे लोक बसलेले, घड्याळबाई उभी. ती म्हणाली, "माझ्यासमोर आली ती सगळी पुस्तकं मी बघितली. बाकीची तुमच्या भावाने बघितली म्हणून जाऊ दिली, तर तो आता नाही म्हणतो. मास्तर, तुम्ही सांगा. मी पायरी सोडीन का?"

आणि दीर म्हणाले, "मी त्या दिवशी नव्हतो."

खरं होतं. ते माझ्याबरोबर दवाखान्यात होते. खरं बोलूनही खोटी साक्ष देता येते, हे मी त्या दिवशी शिकले. तिने दाराबाहेर जाऊन चपला घातल्या म्हणे, त्या दिवशी तिचं काम गेलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला जल्लाद लागत नाही, गप्प बसणारा एक भला माणूस पुरतो.

त्यानंतर दीर बदलले असं कुणाला दिसलं नसतं. वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. पायऱ्या तशाच अचूक. पण चौथ्या सूरेतली, म्हणजे चौथ्या अध्यायातली, साक्षीची ती पानं ज्या फर्म्यात येतात, तो घडीला आला की ते पाणी प्यायला उठायचे. एकदा मी विचारलं, त्या पानांत असं काय आहे. म्हणाले, "तुला माहीत आहे." मग आपणहून सांगितलं. सांगतात, पूर्वी आपल्यातल्याच एकाने चोरी केली आणि माल परधर्माच्या माणसाच्या घरी लपवला. घराण्यातले झाडून सगळे चोराच्या बाजूने बोलायला गेले, चांगला आहे, आपला आहे. तेव्हा वरून हुकूम उतरला तो त्या परक्याच्या बाजूने. पाप आपण करायचं आणि निरपराध माणसावर फेकायचं, हे ओझं मोठं.

"त्या घराण्यातल्या लोकांचं पुढे काय झालं?" मी विचारलं.

"ते घडी घालायला बसले असतील," ते म्हणाले. नंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि माझी हिंमत नव्हती.

सव्वीस वर्षांनी आमचे हे गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही, घड्याळबाईला दिला तो वगळता. महिना झाल्यावर दीर स्वच्छ कपडे घालून मला म्हणाले, "मी कारखान्यात जाऊन सांगतोय. आज दारात उभी राहू नकोस."

"नाही राहात," मी म्हटलं. "मीही येते."

जिवंत भावाविरुद्ध बोलवलं नाही, मेलेल्याविरुद्ध बोलायला निघालो, याची त्यांना केवढी लाज होती ते वाटेत त्यांच्या चालीवरून कळत होतं. कारखान्यात मालकांच्या जागी त्यांचा मुलगा, समोर कॉम्प्युटर. त्याने नीट ऐकून घेतलं.

"चाचा, तक्रार करणारे गेले, अब्बा गेले, तुमचे भाऊ गेले. आता कुणाला सांगायचं?"

"जिचं नाव गेलं तिला. कारखान्याच्या कागदावर लिहून दे, चूक आमच्या माणसाची होती."

"लिहून कसं द्यायचं? आजकाल कागदाचा फोटो होतो, तो कुठल्या कुठे फिरतो. लोक वाचत नाहीत, नुसता पुढे पाठवतात. कारखान्याचं नाव खराब होईल."

"तेव्हा तिचं झालं, फोन नसताना," मी म्हटलं.

त्याने कारखान्याचा कागद पुढे ओढला. मग लिहून दिलं. मुलगा वाईट नाही.

घड्याळबाई शोधायला पंधरा दिवस लागले. लेकीकडे राहत होती, दुसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले. ती फिरणारी बाई खुर्चीत बसलेली बघून मला कसंसंच झालं. नातीने कागद मोठ्याने वाचला. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बरं."

दीर म्हणाले, "मी माफी मागायला नाही आलो. साक्ष द्यायला आलो."

"साक्ष तेव्हा मागितली होती, मास्तर. तेव्हा माझ्या थोरलीचं लग्न जमत होतं. त्या लोकांनी विचारलं, तुमची आई म्हणे दुसऱ्यांच्या ग्रंथाशी खेळली? आणि सोयरीक मोडली. कुणाचाही ग्रंथ असो, हात धुतल्याशिवाय शिवायचा नाही, असं मी पोरांना वाढवलं होतं." तिने गुडघ्यावरचं पांघरूण सारखं केलं. "आता हा कागद मी वाचून काय करू? मला तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना वाचून दाखवा. चारचौघांत गेलेलं नाव चारचौघांतच परत येऊ द्या."

तिने आम्हाला पाणी दिलं. चहा विचारला नाही. विचारला असता तर मला गिळवला नसता.

घरी आल्यावर दीर शुक्रवारी मशिदीत वाचायचं म्हणाले, तसा माझा मुलगा, तेव्हा पोटात होता तोच, बिथरला. "अब्बांचं नाव मशिदीत घेणार? आम्ही तोंड कुठे दाखवायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या नावाने मी एकदा भाईजानांचं तोंड बंद केलं आहे. दुसऱ्यांदा करायची नाही."

त्या शुक्रवारी नमाज झाल्यावर दिरांनी उभं राहून कागद वाचला. भावाचं नाव घेतलं. मग स्वतःचं घेतलं, ते कागदात नव्हतं. म्हणाले, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला वाटलं छत कोसळेल. मदरशातल्या त्या जुन्या लोकांपैकी दोघेच उरले होते, त्यांतल्या एकाला ऐकू येत नव्हतं. दुसरा डोळे पुसत उठला आणि म्हणाला, मी जाऊन बाईंना भेटेन. भेटला की नाही, माहीत नाही. तरुण मुलांनी आदराने ऐकलं आणि चपला शोधल्या. बाहेर एक जण म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, चाचा."

बस, इतकंच. चहाचा कप थंड व्हायला लागतो तेवढ्या वेळात झालं. कुणी दगड मारला नाही, कुणी काम काढून घेतलं नाही, माझ्या मुलाला आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही. एवढ्यासाठी आम्ही सव्वीस वर्षं एका बाईला तिच्या लेकीच्या लग्नासकट अंधारात ठेवलं. दीर घरी येऊन पार्टिशनला टेकून बसले. "इतकं सोपं होतं," म्हणाले. मला वाटतं, तिथे दगड पडले असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

नातवंडं विचारतात, आजी, एवढं जुनं का उगाळतेस. मी त्यांना म्हणते, तुमच्या फोनवर रोज कुणीतरी चोर ठरतो, आणि तो बहुतेक आपल्यातला नसतो. ऑफिसात काही हरवलं की झाडूवालीची पिशवी पहिली उघडतात. किताबात लिहिलंय, कुणाविषयी मनात राग आहे म्हणून न्याय सोडू नका. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला एवढंच कळतं की ते वाचायला सोपं आहे, कारण वाचताना दारात कुणी गरोदर बाई उभी नसते.

काम सुटल्यावर दीर एकच फेरा करायचे. दर गुरुवारी मदरशात जाऊन फाटलेल्या प्रती आणायच्या, घरी उसवून शिवायच्या, पुढच्या गुरुवारी परत द्यायच्या. त्या शुक्रवारपासून त्यांनी एक नवीन सुरू केलं होतं. पाठीवर कापड चढवण्याआधीच प्रती घेऊन जायचे, पायऱ्या उघड्या ठेवून, आणि तिथल्या शिक्षिकेला प्रत्येक पाठ बघायला लावायचे. तिची सही झाल्याशिवाय खळ लावायचे नाहीत. दोन खेपा पडायच्या, गुडघे कुरकुरायचे. मी म्हणायचे, "भाईजान, कापड घरीच लावून न्या." ते ऐकायचे नाहीत.

शेवटच्या गुरुवारी सहा प्रती होत्या. त्यांनी त्या धुतलेल्या कापडात बांधल्या, माझ्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात घातली आणि निघाले. शिक्षिका मला नंतर सांगत होती. तिच्या वर्गात गलका होता, ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही बघितलंय ना? मग झालं की."

"मी बघितलंय," ते म्हणाले, "म्हणूनच तुम्ही बघा."

तिने सहाही पाठी बघितल्या. दीर तोवर उभे होते. सही झाली, गाठोडं पुन्हा बांधलं, पुढच्या गुरुवारी कापड लावून आणतो म्हणाले. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून माझ्या गोळ्या घेतल्या. घरी येऊन पाकिटावरची तारीख उजेडात धरून वाचली, पाकीट फळीवर मोठ्या बाटलीनंतर आणि लहान बाटलीआधी ठेवलं, आणि चपला काढायला खाली बसले ते उठलेच नाहीत.